घंगाळावरचं नाव

गुदैबिया, बहरीन
१६ मार्च १९८४

प्रिय मेधावन्सं,

तुमचं संक्रांतीचं पत्र पोचलं. पाकिटातल्या हलव्याचा पार भुगा झाला होता, तरी आम्ही तो वाटून खाल्ला. गुरुप्रसादरावांचा खोकला आता बरा असेल. हुबळीच्या नव्या घरात नळाला पाणी येतं का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

इथे अजून सकाळी अंगावर शाल लागते. खालच्या दुकानात हल्ली ओली हळद मिळू लागली आहे, लोणचं घातलं. तुमच्या दादांची अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्ट बदलली, त्यामुळे घरात जेवणाच्या वेळा कुणाच्या कुणाला जुळत नाहीत.

आणि आबा इथे आहेत. दिवाळीनंतर आले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं असेल. मी कळवलं नाही. 'वहिनी, सगळं लिहा, आबांचं तेवढं लिहू नका,' असं तुम्हीच बजावलं होतंत. इतकी वर्षं मी ते पाळलं. आज मोडते आहे. रागवायचं तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

दादांना कामावरून अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांचा सेट भेट मिळाला होता. आबांनी मला त्यात कांदे ठेवायला सांगितले. म्हणाले, "ह्या धातूनं आपली तांबट आळी बुडवली." मग ह्यांचा चेहरा उतरलेला बघून, "पण तुझी चूल पेटवली, तेही खरं."

त्यांचा वेळ जाईना, म्हणून ह्यांनी एका गुरुवारी आम्हाला मुहर्रकच्या संग्रहालयात नेलं. तिथे जुन्या थडग्यांतून निघालेली तांब्याची हत्यारं आहेत, हिरवी पडलेली. एक बैलाचं डोकं आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. आबांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "ओतलेलं आहे. ठोकलेलं नाही." आणि पुढे गेले.

पुढच्या खोलीत इथल्याच लोकांच्या घरातली भांडी होती. कॉफीच्या किटल्या, परातीएवढी ताटं, आणि लग्नाचा भात शिजवायचं एक मोठं तांब्याचं पातेलं. आबा त्या पातेल्यासमोर थांबले ते हलेचनात. मी जवळ गेले तर म्हणतात, "सुनंदा, हे दोघांनी घडवलंय. एक हात जड आहे. दुसरा हलका, पण मठारीचा एक ठोका चुकलेला नाही."

तिथला राखणदार, वली नावाचा, इथलाच म्हातारा माणूस. तरुणपणी मुंबईला गलबतावर जायचा, त्यामुळे हिंदी चांगलं बोलतो. ह्यांनी आबांचं म्हणणं त्याला सांगितलं, तर तो खुर्चीवरून उठूनच आला.

"मेरे नाना ने बनाया," तो म्हणाला. "और मेरी माँ ने. नाना के साथ बैठती थी. लोग बोलते थे, नाना का बर्तन."

आबांनी विचारलं, "इधर कागज पर माँ का नाम है?"

"मफी, नहीं है. किसी ने पूछा नहीं."

"तुमने क्यों नहीं बोला?"

"मैं तो रोज बोलता हूँ," वली म्हणाला, "जो खड़ा रहे, उसको."

वन्सं, आबा तिथल्या तिथे बाकावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं तर हातानं नको म्हणाले. आणि मग म्हणाले, "आपल्या मेधाची मठार यापेक्षा सफाईची होती."

तुम्ही घर सोडल्यापासून त्यांच्या तोंडून मी तुमचं नाव ऐकलं नव्हतं. तुमचे दादा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी नवी नवरी होऊन आळीत आले तेव्हा त्या ठोक्यांनी माझं कपाळ उठायचं. ते ऐकायला मला तुम्हीच शिकवलंत. आबांचा एक जड, मागोमाग तुमचे दोन हलके. पुढे मला त्या आवाजाशिवाय दुपारी झोप येईना! ते मोठं घंगाळ तुम्ही दोघांनी कसं घडवलंत, ते मी ओट्यावरून पाहिलं आहे. पुण्याच्या संग्रहालयानं ते नेलं, आपण सगळे नटूनथटून बघायला गेलो, आणि पाटीवर एकच नाव होतं: त्र्यंबक वडके. "आबा, माझं?" असं तुम्ही विचारलंत. "भांड्यावर पोरीचं नाव घालतात ते लग्नात देताना," असं म्हणून ते हसले होते. त्यानंतर तुम्ही हातोडा धरला नाहीत. लग्न केलंत तेव्हा माहेरचं साधं फुलपात्रही नेलं नाहीत.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर, आबा म्हणाले, "कागद घे." त्यांनी पुण्याच्या संग्रहालयाला पत्र सांगितलं. 'सदर घंगाळाचा तळ आणि जोड माझा. पोटावरची सगळी मठार माझी कन्या मेधा हिची. मी तेव्हा हे सांगितलं नाही, ही माझी चूक.' मी 'चूक'च्या जागी 'नजरचूक' लिहू लागले, तर म्हणाले, "नजर शाबूत होती. चूकच लिही."

"वन्संनाही दोन ओळी लिहू का?" मी विचारलं.

"नको. म्हणेल, म्हातारा आता मऊ झाला." मग स्वतःच म्हणाले, "झालोय खरा."

परवा पुण्याहून उत्तर आलं. पाटी बदलायला ते तयार आहेत. कारागिराचं पूर्ण नाव कळवा म्हणतात, माहेरचं की सासरचं. ह्यांना वाटलं, आबा लगेच वडके म्हणतील. आबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "मागं तिला न विचारता ठरवलं. आता तिला विचार. मेधा वडके लावायचं, की त्यांचं आडनाव, की नुसतं मेधा. नावच नको म्हणाली तर तेही तसंच कळव. वाद घालू नकोस."

म्हणून विचारते आहे. मी माझ्या बाजूनं काही सुचवत नाही, तशी मला ताकीद आहे.

उत्तर माझ्या नावे पाठवलंत तरी चालेल. पाकिटावर आबांचं नाव घातलंत, तर ते मी फोडणार नाही.

तुमची,
सुनंदावहिनी

समोर बसून, मी कुणाला लिहिते आहे ते माहीत नसल्यासारखं दाखवणाऱ्या आबांनी आताच विचारलं, हुबळीला टपाल किती दिवसांत पोचतं.