'हाउ आर यू'चं उत्तर

३ जून
वणीहून सकाळच्या एसटीने नाशिकला आले. नोकरी पक्की! परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. खोलीही झकास, सोबतीला ऑफिसातलीच मनीषा. आज शिकवणाऱ्या आरोही मॅडमनी 'हाउ आर यू' विचारलं, तर मी बसमधल्या मळमळीपासून आईच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे विचारलं की सांगतातच. वर्ग पोट धरून हसला. मॅडम म्हणाल्या, त्यांना तुझी तब्येत नको असते, 'गुड, थँक्स, अँड यू?' एवढंच हवं असतं.

९ जून
दिवसभर तेच. 'नॉट बॅड.' 'ऑल गुड.' समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर यायला हवं म्हणे. आता येतं, विचारही करावा लागत नाही. भाजीवाल्या मावशींनी कशी आहेस विचारलं, त्यांनाही 'ऑल गुड' बोलून गेले. त्यांना मजा वाटली.

१७ जून
मनीषा ऑफिसच्या जिन्यावरून पडली. पाय भलताच वाकला होता. जो येईल त्याला ती हसून 'गुड, थँक्स, अँड यू?' म्हणत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं. लोक बरं म्हणून जागेवर गेले. रिक्षा मी आणली. डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तिला घरचे घेऊन गेले.

२१ जून
पोटात उजवीकडे दुखतंय. मॅडमना सांगायला गेले, तोंडातून 'नॉट बॅड' आलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी पाठ थोपटली.

२३ जून
आई आली. चेहरा उतरलाय म्हणाली, दुखतंय का विचारलं. जीभ दाताखाली धरली. तरी — 'ऑल गुड, आई.' लय गुणाची झालीस, कुरकुर नाय, म्हणाली. दुपारच्या गाडीने गेली. बोलता येत नाही, पण लिहिता येतं — हे सुचलं तेव्हा गाडी सुटली होती.

२४ जून
उलट्या. उठवत नाही. माझा भाऊ समाधानदादा मार्केटला भाजी टाकून इकडे येतोय. बोलणारच नाही. हे पान पुढे करेन.
दार वाजतंय. उघडंच आहे —
दादा, मला छान वाटतंय, थँक्स — नाही. मला दवा — ऑल गुड —
दादा, मागचं पान वाच. मागचं पा — नॉट बॅड. तू कसा आ