तांबट गल्लीतले घर आणि अमोलची तपासणी

मी, मोहिनी दत्तू तांबट, वय ४६, राहणार तांबट गल्ली, जुने नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून न लिहिता स्वतः लिहीत आहे. माझे मन आज ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. 'आज' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

मला विल्सनचा आजार आहे. अन्नातले तांबे शरीराबाहेर पडत नाही. आधी यकृतात, मग मेंदूत साठते. हा दोष जन्मतःच येतो, आईवडील दोघांकडून. थोरला भाऊ सुनील याला तोच असणार. त्याचे हात थरथरत. मग आवाज ऐकू येऊ लागले. पाण्यात कोणी विष कालवते, म्हणून त्याने टाकीला कुलूप लावले. आम्ही त्याला सटाण्याकडे एका भगताकडे नेत राहिलो. तो गेला. माझ्या डोळ्यांतले तपकिरी कडे एका डॉक्टरांना वेळेत दिसले. गोळ्यांमुळे मी माणसांत आहे.

१. घर धाकटा भाऊ अमोल याला द्यावे. अट एकच : त्याने आधी डोळे, रक्त, लघवी तपासून घ्यावी. सुनील गेल्यावर त्याने भांड्यांचा धंदा सोडला, घरात स्टील आणले, अंबडला कारखान्यात लागला, आता तिकडेच राहतो. त्याला वाटते, सुटलो.

"ताई, मी तांब्याला हातच लावत नाही. मला कुठून होणार?"

"मी तरी कधी भांडी ठोकली रे?"

"तू रोज सकाळी तांब्यातलं पाणी प्यायचीस."

"आणि तू काय, सरबत प्यायचास?"

तो हसला. त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता.

२. वडिलांचे हातोडे व ऐरण शेजारी झुंबर यांना द्यावी. सुनीलला त्यांनी कधी वेडा म्हटले नाही.

३. चुलत्यांना काही देऊ नये. माझी ठरलेली सोयरीक त्यांनी 'वेड्यांचं घर' म्हणून मोडली. तरी त्यांच्या मुलांना हे वाचून दाखवावे. रक्त एकच आहे.

४. बँकेतील ठेव अमोलच्या औषधांसाठी. व्यवहार त्याची बायको पल्लवी पाहील.

५. अमोल माझ्या पाण्यात काही मिसळतो, असे लिहिलेले माझे नंतरचे मृत्युपत्र निघाले, तर मी गोळ्या सोडल्या होत्या असे समजावे.

६. हे कलम आता वाढवले. पल्लवीचा फोन आला होता. अमोलने टाकीला कुलूप लावले आहे.

म्हणून कलम १ मधील अटीसाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. साक्षीदारांनी सही करून थांबावे. झुंबर यांची रिक्षा दारात उभी आहे. अमोलला दवाखान्यात न्यायचे आहे.

लिहून देणार : मोहिनी दत्तू तांबट

साक्षीदार :
शकुबाई रामदास वडनेरे (सही)
हर्षाली किरण पिंपळे (सही)

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२५