सैल तात

नंदुरबार, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९५९

आज अब्बांना कळलं. मीच कळवलं, मूर्खासारखं.

संध्याकाळी कापसाच्या जिनमधून घरी आलो तर अब्बा ओसरीवर आजोबांची धनुकली घेऊन बसलेले. आता गाद्यांचा कापूस पिंजायला कोण बोलावतं त्यांना? तरी तिच्यावरची धूळ रोज झटकतात. मला समोर बसवलं, धनुकलीच्या दोरीवर, तातीवर, लाकडी दस्ता मारला आणि विचारलं, "सांग, कशी वाजी ऱ्हायनी?"

त्यांचे ओठ मला वाचता येतात. गेली दोन वर्षं त्यावरच तर निभावतोय. जिनच्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, हे घरात फक्त माझ्या बायकोला, सलमाला ठाऊक. अब्बांना कोणत्या तोंडानं सांगणार? मुकादमाच्या पाया पडून मला तिथे त्यांनीच तर चिकटवलं होतं. पोरानं आपल्यासारखं दारोदार फिरू नये म्हणून.

मी म्हटलं, "झकास वाजी ऱ्हायनी, अब्बा."

त्यांनी माझं बोट धरून तातीवर ठेवलं. तात सैल होती. मुद्दाम सैल केलेली. लहानपणी असली तात मी अंगणातून ओळखायचो, न बघता. सैल तात, आणि मी झकास म्हणालो!

मग ते उठले, धनुकली खुंटीला टांगली आणि भिंतीकडे तोंड करूनच काहीतरी बोलले. बोलले असणार, कारण दारात उभ्या सलमानं पदर तोंडात कोंबला.

काय बोलले, ते तिला विचारायचा धीर होत नाही.