धसकटाची जखम

१४ नोव्हेंबर २००७, बुधवार. अमरावती.

सकाळची पाळी. कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नाही. दिवाळी उरकली की लोकांना आपले आजार आठवतात.

दर्यापूरकडची एक पोर आणली. कोमल, आठ वर्षांची. सोबत आई. "सोयाबीनच्या वावरात पडली जी, धसकट घुसलं पोटरीत." लहानसं गोल भोक, कडेला काळं. घासघासून धुतलं तरी जाईना. आपली काळी माती अशीच चिवट. माझ्याही नडगीवर धसकटाचा वण आहे, तो दाखवला तर रडता रडता हसली. शिकाऊ डॉक्टर पुण्याकडचे. विचारलं, "कशानं लागलं म्हणता?" आईच्या आधी मीच सांगितलं, धसकट, कापल्या पिकाचा टोकदार खुंट. शेतकऱ्याची लेक ना मी, मला कोण शिकवणार! कागदावरही तसंच लिहिलं. पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन, घरी.

पायाच्या नखांना लालभडक नेलपॉलिश. मामानं भाऊबीजेला आणलेलं. जखमी पायाची नखं पुसून खालचा रंग बघायचा असतो, रक्त पोचतंय का ते कळतं. पुसायला घेतलं तर भोकाड. "नोका ना सिस्टर, कालच लावलं." सोडून दिलं.

१५ नोव्हें., गुरुवार

सुट्टी. फराळाचे डबे घासले. विशेष काही नाही.

१६ नोव्हें., शुक्रवार. सकाळ.

कोमल परत आली. आईच्या कडेवर. पोटरी सुजून कडक, बोट लावू देईना. पाऊल गार. पावलावरची नाडी शोधली, सापडेना. पुन्हा शोधली. दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. तिलाही नाही.

नेलपॉलिश आज विचारत बसले नाही, पुसलं. खालची नखं निळसर. परवा कशी होती कोण जाणे. परवा मी बघितलीच नाहीत.

ड्युटीवरच्या मोठ्या डॉक्टर, डॉ. शाहीननी एक्स-रे खिडकीशी धरला. ज्वारीचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके. "सिस्टर, ये तो छर्रे हैं."

आईला बाजूला घेतलं. खरं सांगा म्हटलं. तिनं पदर तोंडात कोंबला. मग सगळं सांगितलं. तुरीत रानडुकरं येतात म्हणून नवऱ्यानं दारू-छर्रे ठासून भरायची भरमार बंदूक आणून ठेवली, परवाना नाही. पोर बुधवारी सकाळी त्याचा डबा घेऊन गेली. तो बंदूक भरत होता. हातातच उडाली. धसकट लागलं सांग, हे त्यानंच पढवलं.

म्हणजे ते काळं माती नव्हती. बंदुकीची दारू होती. आणि मी ती साबणानं घासत होते!

"लिवू नोका जी सिस्टर. त्याइले पोलीस नेतील." लिहावं लागतं म्हटलं. लिहिलं. बाई एवढंच म्हणाली, "तुमी आमच्यातल्याच वाटल्या मले."

डॉ. शाहीननी पहिला कागद काढला. "धसकट किसने लिखा?" मी म्हटलं, मी. कागद फाईलला लावून त्या एक्स-रेकडे वळल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शिरा जोडणारे सर्जन आज अकोल्यात आहेत. तिकडे न्यायचं. मी सोबत जाते म्हटलं, कोणी नाही म्हटलं नाही.

दुपार. अँब्युलन्समध्ये, अक्षर हलतंय.

मूर्तिजापूर मागे पडलं. कोमल ग्लानीत. दर दहा मिनिटांनी पाऊल बघते. बघून काय होणार, गारच आहे. सलाईन चालू, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. याहून माझ्या हातात काही नाही. आई विचारते, "पाय वाचंल ना जी?" मी म्हटलं, आधी पोचू द्या. असली उत्तरं द्यायला किती वर्षांत शिकले मी!

संध्याकाळ. अकोला.

सर्जननी बघितलं. दोन दिवस गेले, म्हणाले. (ते दोन दिवस माझे.) आत उघडून बघायचं. मांस जिवंत असेल तर शीर जोडायची. नसेल तर गुडघ्याखालून पाय काढायचा, नाहीतर पोर जाईल. ते टेबलावरच ठरणार. दोन्हीसाठी सही आत्ताच हवी.

बाई सही करेना. गावात फोन लावला. केस झाल्याचं कळताच नवरा बंदूक घेऊन निघून गेला, कुठं ते कोणालाच माहीत नाही. "त्याइले न इचारता लेकीचा पाय कसा देऊ मी?" आईची सही चालते, मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडले. मग माझीच मला लाज वाटली. तिच्याजवळ फरशीवर बसले.

वेळ जात होता. आतून निरोपावर निरोप.

शेवटी ती म्हणाली, "मी धसकट म्हटलं तं तुमी मानलं. आता तुमी सांगा. तुमी म्हनसान ते मी मानतो."

परवा इतकं पटकन बोलणारं माझं तोंड, आज उघडेना. मग म्हटलं, करा. तिनं एकेक अक्षर जोडून सही केली.

स्ट्रेचर नेताना कोमलनं मूठ उघडली. नेलपॉलिशची बाटली, घामानं चिकट झालेली. सगळा वेळ मुठीतच होती. "आल्यावर लावून द्याल ना? दोन्ही पायाले."

देईन म्हटलं.

सात वाजले. अजून बाहेर कोणी आलं नाही. अँब्युलन्सचा ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, निघायचं का. थांबा म्हटलं. बाई भिंतीला टेकून बसली आहे, माझ्याकडे बघत नाही. बाटली माझ्या अॅप्रनच्या खिशात आहे. मघाशी उजेडात धरून बघितली. दहा नखांना पुरेल.