हॅडलीने दुसऱ्यांदा कुणाचं वाढून घेतलं

एल्डर फोर्क, इंडियाना
रविवार, ९ नोव्हेंबर

लाडक्या डेलेनी,

सगळ्यांच्या आधी मेविसच येऊन बसलेली, दुसरं कोण! चर्चच्या तळघराची दारं चारला उघडतात, आणि ही बया साडेतीनच्या आधीच पायरीवर, मांडीवर खिम्याच्या मीटलोफचं भांडं, वर दोन्ही हात. जणू गावातली कुत्री तिच्याच मीटलोफवर टपून बसलीत. मी म्हटलं, "मेविस, रात्री इथेच झोपली होतीस का गं?" तर म्हणते, "तू उशिरा आलीस त्याला मी काय करू?" उशिरा! साडेतीनला पाच कमी असताना!

थांब, आधी पापा घे. एक या गालावर, एक त्या. माझं बरं चाललंय. गुडघा आहे तिथेच आहे. मांजर इतकं लठ्ठ झालंय की खिडकीत चढताना सुस्कारे टाकतं. तुझा बाप परवा येऊन छताची पन्हळ साफ करून गेला. तुमच्या सामन्याचे फोटो आणले होते त्याने. मी म्हटलं, ठेव तिथे, चष्मा सापडत नाही.

तर काल पाहुणजेवण होतं. नवी मुलगी आमचं कॉलेज बघायला येणार होती, हॅडली नावाची, पुढच्या वर्षीच्या संघासाठी. आपल्याकडची रीत तू विसरली नसशील. कॉलेज बघायला आलेली मुलगी ज्या बाईच्या भांड्यातलं दुसऱ्यांदा वाढून घेईल, ती बाई चार वर्षं तिची आजी. रविवारचं जेवण तिच्याकडे, सर्दी झाली की सूप तिच्याकडचं, आणि सामन्यात मुलीने बास्केट केली की उठून ओरडायचा पहिला मान तिचा. मेविसच्या अशा तीन नाती झाल्या. तिन्ही मीटलोफवर मिळवलेल्या. त्यांच्या नावांचे बिल्ले लावून फिरते कोटावर, एखाद्या जनरलसारखी.

मी इतकी वर्षं भांडं नेलंच नाही. मला काय गरज होती? माझी सख्खी नात येणार होती ना संघात. सगळं गाव तेच धरून चाललं होतं. तुमच्या शाळेत त्या दिवशी टेबलावर दोन टोप्या मांडल्या होत्या, आमची हिरवी आणि लॅथम कॉलेजची लाल, जी घालशील ते तुझं कॉलेज, तेव्हा व्हर्जिल माझ्या कानात म्हणाला होता, "ती लाल उगीच ठेवलीय, शोभेला." मग तू लाल टोपी घातलीस. मी फोटोला थांबले नाही, कारण घरी ओव्हनमध्ये ॲपल पाय होता. तो जळला असता. एवढंच.

असो. या वर्षी मी भांडं नेलं.

रात्रीच कणीक लाटून नूडल्स कापल्या, खुर्च्यांच्या पाठींवर फडकी टाकून वाळत घातल्या, सकाळी कोंबडीच्या रश्शात सोडल्या. खाली कुस्करलेला बटाटा. झाकण उघडलं तेव्हा व्हर्जिल, न्हावी असून ज्याने आयुष्यात कुणाचे केस सरळ कापले नाहीत तो, नाक आत घालून म्हणाला, "ओपल, आज मेविसची धडगत नाही." मेविसचं तोंड असं झालं, व्हिनेगर प्यायल्यासारखं. माझ्या पोटात कसं गार गार वाटलं.

मग बसलो बोलत, आणि बोलणार दुसरं काय? व्हर्जिल म्हणाला, "आपल्याला उंची हवी, उंची! मागच्या वर्षी बास्केटखाली आपल्या मुली म्हणजे टेबलाखालची मांजरं. वरून काही पडलं तर पडलं." मेविस म्हणाली, "नुसती उंची घेऊन काय तिच्यावर कपडे वाळत घालायचेत? चेंडू आणून देणारं कुणी नको?" "कोचबाई उंची शोधायलाच गेल्या होत्या. मी व्हिडिओ पाहिलाय या मुलीचा." "काय दिसलं?" "फोन एवढासा आणि माझे डोळे हे असे. पण सगळ्यांत उंच तीच होती." असं छातीठोक बोलतो की कुणाची हिंमत होत नाही शंका घ्यायची.

त्या फोनवरच तो आम्हाला बाकीचंही वाचून दाखवतो, बरं का. वेगवेगळ्या कॉलेजांचे चाहते काय काय लिहितात ते. काल म्हणाला, "ओपल, तुझ्या नातीचं आहे, वाचू?" मी म्हटलं, "वाच, मला काय त्याचं." तर लॅथमची कुणी ल्युसिल ब्रँट म्हणून बाई आहे. ती लिहिते, "आमच्या डेलेनीने काल अठरा गुण केले, आमची पोर गुणाची." आमची! तुमची कधीपासून गं बाई? ती गोवराने फणफणली होती तेव्हा होतीस का उशाशी? गॅरेजच्या दारावर बादलीचा तळ काढून मी बास्केट ठोकली, तेव्हा शिडी तू धरली होतीस? पुढे त्या ल्युसिलचा फोटो आहे म्हणे, तुझ्या खांद्यावर हात टाकलेला. व्हर्जिल दाखवत होता. मी पाहिला नाही. लाल स्वेटर, पांढरे कुरळे केस, दात नवीन बसवलेले. नीट पाहिलाच नाही मी.

इतक्यात पाहुणे आले. कोचबाई वर जिमच्या किल्ल्या शोधत अडकल्या होत्या, म्हणून ते तिघे आपले आपणच जिना उतरले. पुढे कोण म्हणून सांगू! सहा फुटांच्याही वर असलेली मुलगी. छताखालच्या पाइपला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून आत आली. आम्ही सगळे उठून उभे! व्हर्जिलने तर टोपी काढली. मागून तिची आई डेनिस, आणि आईचा कोट हातावर घेतलेली एक बुटकी, वेणीवाली पोरगी. तिला मी म्हटलं, "बाळा, तेवढे चमचे आण गं त्या टेबलावरून." ती बिचारी आणायला गेलीसुद्धा.

मग जी काही सरबराई चालली! मेविस त्या उंच पोरीच्या डाव्या बाजूला, मी उजव्या. तिने मीटलोफचा एवढा मोठा तुकडा वाढला, मी वर नूडल्स ओतल्या. पोरीने खाल्लं. आम्ही दोघी श्वास रोखून. आणि मग डेलेनी, तिने ताट माझ्याकडे केलं. माझ्याकडे! "अजून मिळेल?" म्हणाली.

मी तर उड्याच मारायची बाकी. मेविसकडे बघून म्हटलं, "चल, बिल्ला दे." मेविस म्हणाली, "भुकेली होती, म्हणून घेतलं." जळफळाट नुसता! व्हर्जिल पुढे सरकून विचारतो, "पोरी, एका सामन्यात बास्केटखालचे किती चेंडू पकडतेस?" ती घास गिळून म्हणाली, "आजोबा, मी कुत्र्यांचे केस कापते."

व्हर्जिलने काढलेली टोपी परत डोक्यावर चढवली.

"मी ब्रुक, मोठी बहीण. मी जन्मात चेंडू धरला नाही. लोक हेच विचारतात म्हणून मी लग्नांना जायचं सोडलं. हॅडली ती. तुमचे चमचे पुसतेय ना, ती."

मेविस हसली ती हसली. टेबलाला धरून हसली. "नात मिळाली गं ओपल! कुत्री भादरणारी! मांजर आहे ना तुझ्याकडे, तेही घेऊन जा!" व्हर्जिल म्हणतो, "फोन छोटा असेल तर माणूस काय करणार?" आणि मी, माझ्या भांड्यात तळाशी दोन डाव उरलेले, मेविसचा मीटलोफ अर्धा शिल्लक, आणि खरी मुलगी अजून उपाशी!

पण पोर मोठी गोड. चमचे ठेवून सरळ माझ्याकडे आली, ताट पुढे केलं. खरवडून वाढलं. खाल्लं. मेविस मीटलोफची ताटली घेऊन तिच्यामागे, लग्नातल्या फोटोवाल्यासारखी. आणि हॅडलीने परत ताट माझ्याकडेच केलं. "तळाचं असेल तरी चालेल," म्हणाली. "तुम्ही डेलेनीच्या आजी ना?"

मग तिने एकेक सांगायला घेतलं.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं! उन्हाळ्यात लॅथमला मुलींचं शिबिर झालं, ती तुझ्या खोलीत राहिली, ती तिकडेही बघून आलीय, तुमच्या कोचनाही ती हवीय. आणि तू तिला सांगितलंस, आधी एल्डर फोर्कला जाऊन ये, मगच ठरव, आणि तळघरात तिसऱ्या टेबलावर एक आजी असेल, ती ओरडली तरी घाबरू नकोस. मी कुठे ओरडते?

मी म्हटलं, विचारावं का? विचारलंच. "तिकडे कुणी ल्युसिल म्हणून आहे, ती चांगलं जेवण करते का गं?" "चांगल्या आहेत ल्युसिल आजी," हॅडली म्हणाली. आजी! "दर रविवारी मुलींना बोलावतात. नूडल्सही करतात. डेलेनी तेवढ्या खात नाही पण."

"काय खात नाही?"

"नूडल्स. तिला पोटाला चालत नाहीत म्हणते. तिकडे सगळ्यांना माहीत आहे. ल्युसिल आजी तिच्यासाठी वेगळं सँडविच करतात."

तुला, डेलेनी. पोटाला चालत नाहीत. सहा वर्षांची असताना माझ्या नूडल्सची तीन ताटं खाऊन माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी झोपणाऱ्या तुला.

मी भांडं धुवायला नेलं. नळ जरा जास्त वेळ चालू राहिला असेल. मेविस आली मागून, फडकं घेतलं, माझ्या शेजारी उभी राहून पुसत राहिली. एवढी वर्षं मला तिचा राग येतो, पण भांडी पुसताना ती बोलत नाही, हा तिचा गुण मानलाच पाहिजे. शेवटी म्हणाली, "नियम म्हणजे नियम. मुलगी तुझी." आणि निघून गेली.

संध्याकाळी त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेले. ब्रुकने मांजराच्या केसांना कोणता कंगवा ते सांगितलं. डेनिस गाडी गरम करत बसली. हॅडली माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही सांगा. मी इथे येऊ की तिकडे जाऊ?"

पलीकडे व्हर्जिल उभा होता, आपल्या गाडीची काच पुसल्याचं नाटक करत. मला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. इथे ये, पोरी. आमच्याकडे चेंडू आणून देणारं कुणी नाही, रविवारी माझं टेबल रिकामं असतं, आणि त्या ल्युसिलकडे आहेत की खंडीभर. हे सगळं माझ्या जिभेवर होतं, देवाशपथ. त्या बाईची एक तरी मुलगी मला पळवायची होती.

आणि तोंडातून निघालं काय? म्हटलं, "ते तुझं तू ठरव. पण तिकडे गेलीस, तर डेलेनीला चेंडू डाव्या बाजूने दे, जरा खाली, कमरेच्या उंचीला. गॅरेजच्या उजवीकडे सरपण रचलेलं असायचं, म्हणून ती डावीकडूनच शिकलीय. वरून दिलास तर तिचा एक क्षण वाया जातो. तिकडच्या कोचना हे अजून कळलेलं दिसत नाही."

व्हर्जिलचं फडकं खाली पडलं. "ओपल! शत्रूला?"

"गप रे," म्हटलं. "काच पूस."

हॅडली हसली. मग म्हणाली, "तुम्ही तर तिचे सामने बघायला आला नाहीत ना? मग हे तिकडच्या कोचना कळलेलं नाही, हे कसं माहीत?"

फोटोंवरून. चष्मा सापडला होता एकदा.

आता ती काय ठरवते ते तिच्या आईला आणि देवाला ठाऊक. इथे आली तर मी नाचीन. तिकडे गेली तर तिला त्या ल्युसिलच्या पंगतीत बसवून घे, पण आजी मी म्हणायचं, रीतसर, तळघरात ठरलेलं आहे. मेविस साक्षीदार.

हॅडली, तिची आई आणि ब्रुक पुन्हा येणार आहेत, चोवीस जानेवारीला, शनिवारी, दुपारी तीनला. तो दिवस त्यांनी मुद्दाम निवडलाय, कारण त्या दिवशी तुमचा संघ आमच्या जिममध्ये खेळायला येतोय. ल्युसिलही तुमच्या बसमागून गाडी घेऊन येते, असं व्हर्जिलच्या फोनात आहे. मी या खेपेला पाहुण्या संघाच्या बाजूला बसणार आहे. व्हर्जिलला अजून सांगितलेलं नाही, आधी त्याच्या रक्तदाबाची गोळी होऊ दे. त्या बाईला म्हणावं, जरा सरकून बस.

तुझी, आणि सख्खी,
ओपल आजी