काळतोंडे, लालतोंडे आणि आमचा हरभरा

११ जानेवारी १९५७

कुणीतरी शहरात पकडलेली लालतोंडी माकडं मोटारीतून आणून आमच्या शिवारात सोडली! चिंचेवर आधीच काळतोंड्या वानरांचं खटलं आहे. बोरं संपली. हिरवं म्हणावं तर आमचा हरभरा — तेवढाच. राखायला घरात मीच मोकळी. हरभरा घरात येईपर्यंत बाबा मला वर्धेला शाळेत सोडणार नाहीत. मॅट्रिक मार्चात! मचाणावर भूमिती करते आहे.

१४ जानेवारी

दोन्ही टोळ्या बांधावर दात विचकून समोरासमोर. चुलतभावांचं भांडण दुसरं कसं असतं? गोफण उचलली आणि अडले. दसऱ्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेताना शपथ घेतली — प्राण्यांवर दया करीन. दगड मारला तर ती मोडते. न मारावा, तर मारुतीला मानल्यासारखं होतं. देव न मानण्याचीही शपथ आहेच.

तानाआत्या खालून ओरडली, "काऊन वं, वानराले इचारून मारतं का?"

शेवटी मारला — मुद्दाम चुकवून. आता यात कोणती मोडली?

२० जानेवारी

शेजारच्या शेताचे बंडोपंत सांगून गेले, "काळ्याला हात लावू नकोस हं, तो देव. लालाला मार." किराणावाले वासुदेवराव म्हणतात, मारुती शेंदरी, तेव्हा देव लालच! पारावर दोन तट पडले. एक तट काळ्यांना फुटाणे घालतो, दुसरा लालांना. फुटाणे खाऊन दोघेही हरभऱ्याचे ओले घाटे खायला आमच्याकडे.

बाबा म्हणाले, "देव त्यायचे, अन् पंगत आपल्या वावरात!"

३१ जानेवारी

लालांनी काळ्यांना चिंचेवरून हुसकलं. कान फाटलेली एक वानरी पिलू पोटाशी धरून मचाणाखाली बसली. हाकलवेना. बसल्या बसल्या तिने हरभऱ्याची एक ओळ साफ केली. बाबांना सांगून टाकलं.

"दया येते तं ठीक हाय, माय. पन हरभरा एकच हाय."

४ फेब्रुवारी

काळे शेतातच राहायला आले. त्यांच्यामागे लाल. गोफण, डबा बडवणं, आत्याच्या शिव्या — कशाचा उपयोग नाही. शिव्यांनी शील मोडतं का, कुणाला विचारू?

९ फेब्रुवारी

हरभरा संपला. एक घाटा नाही.

बाबा शेतातून आले आणि त्यांनी थेट माझी पेटीच उचलली. "चाल. आता राखाले काय उरलं इथं?"

"अन् तुम्ही खाल काय?"

"ते मी पाह्यतो. तू पास होजो. नाई तं माकडायले काय तोंड दाखवू?"