गाल भरल्याचं कौतुक

ताई,

माझ्यावर घोर अन्याय झालाय. जेवताना जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा तुझ्या लेकीच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. म्हणून माझ्यासारखी तोंडाळ बाई पानावर बसून पत्ते खेळते आणि पोरगी खेळाच्या नादात चार घास गिळते.

आज जेवताना तू व्हिडिओ कॉलवर तिला म्हणालीस, "अगं, गाल भरले की!" तुला आनंद झाला, तिच्या लेखी ती जाड झाली. ताट सरकलं. हा हट्ट नाही गं, तिला घासाची भीती वाटते! हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर रडत पुन्हा फोन करशील.

मी परत पत्ते वाटले. हरेल त्याने भांडी घासायची, हा आमचा करार. हरले, उठले.

"मावशी, माझं ताट राहू दे. खातेय अजून."

बाकीची भांडी घासली.

तुझी धाकटी